चूक नावाची की दप्तराची?

ब्रसेल्सच्या अपील न्यायालयाने ९ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेला एक निर्णय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वाद होता तो अक्षरावरील एका बारीकशा चिन्हाचा. आपले नाव स्वरचिन्हासह, म्हणजे ते जसे आहे तसेच, नोंदवावे एवढीच एका ग्राहकाची बँकेकडे मागणी होती. आपल्या १९९५ सालच्या संगणकव्यवस्थेत असली अक्षरे बसत नाहीत आणि ती बदलण्यास वेळ व पैसा लागेल, हे बँकेचे उत्तर. न्यायालयाने ते अमान्य केले. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा जो हक्क २०१८ पासून अमलात आलेल्या युरोपीय कायद्याने नागरिकास दिला आहे, त्यात नावाचे शुद्धलेखनही येते, असा या निर्णयाचा आशय आहे.

आमच्या मते हा निर्णय सर्वथैव योग्य आहे. फ्रेंच भाषेत स्वरचिन्ह हा अलंकार नव्हे. ‘पाप करणे’ आणि ‘मासे धरणे’ या अर्थांच्या दोन फ्रेंच क्रियापदांत लिहिताना फरक असतो तो केवळ त्या चिन्हाचाच! मग नावातील चिन्ह गौण कसे?

या अनर्थाचे मूळ जुने आहे. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ संकेतात अवघ्या १२८ जागा होत्या. चिन्हांकित युरोपीय अक्षरांना तीत थारा नव्हता. पुढे निरनिराळे संकेत निघाले आणि एकच अंक ठिकठिकाणी निरनिराळे अक्षर दर्शवू लागला. एका संकेतात लिहिलेले नाव दुसऱ्यात वाचले की एका अक्षराच्या जागी दोन निरर्थक चिन्हे उमटतात, ती यामुळेच. १९९१ साली अवतरलेल्या यूनिकोडने जगातील लिप्या एका कोष्टकात आणल्या. परंतु जुनी दप्तरे जुनीच राहिली.

लक्षावधी खात्यांची व्यवस्था बदलणे सोपे नाही, हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, त्याचा भार कोणी सोसावा? आज तो नागरिक सोसतो. पारपत्रावर एक नाव, बँकेत दुसरे, आणि दोन्ही आपलीच हे सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर! रोमन याद्यांत ‘काळे’ आणि ‘काले’ एकरूप झालेले पाहणाऱ्या मराठी वाचकास हे दुःख निराळे समजावून सांगावयास नको.

दप्तर ज्याने ठेवले, दुरुस्तीचा खर्चही त्यानेच केला पाहिजे. नाव दप्तरात मावत नसेल, तर बदलावयाचे ते दप्तर, नाव नव्हे.