पाणी संपलं तेव्हा नवरा कुठे होता?

भीमाशंकरच्या आवारात, शनीच्या देवळासमोर, एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिची घडण पाहिली की लगेच कळतं, ही आपल्याकडची नाही. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या. त्यांतली ही एक, असं सांगतात. तशीच एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मरीया कोरलेली आहे. पावणेतीनशे वर्षं महादेवाच्या दारात चर्चची घंटा आहे आणि कुणाचाही देव बाटलेला नाही. (शनीच्या चौथऱ्यावर बाईनं चढू नये म्हणून मात्र शिंगणापूरला 2016 पर्यंत भांडावं लागलं. हाजी अलीच्या दर्ग्यात आतपर्यंत जाण्यासाठी त्याच वर्षी हायकोर्टाचा निकाल यावा लागला. घंटेला सोवळं नाही, बाईला आहे.)

याच डोंगरात गेल्या उन्हाळ्यात आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं. आंबेगावच्या वाड्यांमधल्या महादेव कोळी बाया, जुन्नर शहरातल्या चार मुसलमान मैत्रिणी आणि पुण्याहून आलेल्या दोन ख्रिस्ती कार्यकर्त्या. विषय होता पोटगी.

जुन्नरच्या चौघींतली एक दोन्ही दिवस कोपऱ्यात बसून होती. तीन वर्षांपूर्वी नवरा तिला आणि पोराला सोडून गेला. तलाक दिलेला नाही. 2017 साली सुप्रीम कोर्टानं तिहेरी तलाक रद्द ठरवला, 2019 च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, तुरुंगाची तरतूद आली. मग शहाणा नवरा तोंडानं काही बोलतच नाही, नुसता निघून जातो. कायद्याच्या कचाट्यात यायला त्यानं काही उच्चारलेलं तरी पाहिजे ना! आम्ही तिला अर्ज करायला सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडची मोठी माणसं म्हणतात, बीबी हाजरानं सबर केला, तूही कर."

कोळी बायांना हाजरा कोण ते माहीत नव्हतं. म्हणून तिनंच सांगितलं. इब्राहीमनं हाजराला आणि तान्ह्या इस्माईलला ओसाड दरीत आणून सोडलं. मसकेतलं पाणी संपलं. पोर तडफडायला लागलं. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांच्या मध्ये ती सात वेळा धावली, कुणी दिसतंय का, पाणी दिसतंय का. मग झमझमचा झरा फुटला.

"अगं, ही तर आमची हागार!" पुण्याची एकजण म्हणाली. तिच्या बायबलातही तेच होतं. सारेची मिसरी दासी, मूल होत नाही म्हणून सारेनं स्वतःच नवऱ्याला दिलेली, आणि पुढे सारेला मुलगा झाल्यावर भाकरी आणि पाण्याची मसक देऊन रानात घालवून दिलेली. पाणी संपल्यावर तिनं पोराला झुडपाखाली ठेवलं आणि ते मरताना बघवेना म्हणून लांब जाऊन बसली.

भीमाशंकरच्या डोंगरात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि मार्च उलटला की वाड्यांतल्या बाया हंडा घेऊन चढउतार करतात. दोन टेकड्या, पाणी आणि रडतं पोर, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांतली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "आन् पानी संपलं तवा नवरा कुटं व्हता?"

मैत्रिणींनो, या एका प्रश्नाचं उत्तर तीन धर्मांचे शास्त्री-पंडित शतकानुशतकं टाळत आले आहेत. ही बाई तिघांचीही आहे. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये वर्षारंभाच्या पहिल्या दिवशी तिच्या हकालपट्टीचाच अध्याय वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायली या दिवसाला नव्याचा सण म्हणत आले. म्हणजे अलिबागच्या आजूबाजूच्या गावांतही दर नव्या वर्षाला हागारची गोष्ट कानावर पडत होती. ख्रिस्ती परंपरेत पौलानं गलतीकरांच्या पत्रात तिला गुलामगिरीचं रूपक करून टाकलं. बाई गेली, रूपक उरलं. इस्लामनं तिला सर्वांत मोठा मान दिला, हे मान्य केलंच पाहिजे. हजला जाणारा प्रत्येक पुरुष, राजा असो की रंक, तिच्या पावलांवर पाऊल ठेवून सात फेऱ्या घालतो. एका दासीची धावपळ हे कोट्यवधी पुरुषांचं धर्मकर्तव्य झालं. पण फेऱ्या घालून घरी आल्यावर तो पुरुष बायकोला सांगतो काय? सबर कर.

मी विचारते, हाजरानं सबर कुठे केला? ती बसून राहिली असती तर पोर मेलं असतं. ती धावली. सात वेळा धावली. तिचा विश्वास होता आणि तिचे पायही चालत होते. तीच गोष्ट बाईला बसवून ठेवायला वापरायची, ही लबाडी आहे.

शिबिरानंतर एका भल्या गृहस्थांनी मला बजावलं की बीबी हाजराला टाकलेली म्हणू नका, ती अल्लाची आज्ञा होती. त्यांच्या श्रद्धेचा मला अनादर करायचा नाही. पण मग आजच्या नवऱ्यांना कोणाची आज्ञा झाली आहे? दुसरीकडे काहीजणी म्हणतात, हे सवतींचं भांडण, सारेनंच तिला घालवलं. सारा दुष्टपणे वागली, खरं. पण या सारेलाही नवऱ्यानं मिसरात स्वतःचा जीव वाचवायला बहीण म्हणून फारोच्या महालात जाऊ दिलं होतं. आणि बायबलात हागारच्या खांद्यावर मसक ठेवली ती अब्राहामानं, सारेनं नव्हे.

या तिन्ही धर्मांच्या पुरुषांमध्ये एरवी कितीही वैर असो, एका बाबतीत देवाणघेवाण चोख चालते. हव्वा बघा. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव स्त्री-पुरुषांना एकदमच घडवतो. बरगडी दुसऱ्या अध्यायात येते. कुराणात बरगडी नाही आणि दोषही एकट्या बाईवर नाही, दोघं चुकतात, दोघं क्षमा मागतात. तरीही बरगडी हदीसमध्ये पोचली आणि तिथून प्रवचनात. तिला कुठे पासपोर्ट लागला नाही. उलट, कुराणात नावानं उल्लेख असलेली एकमेव स्त्री मरियम आहे, एक आख्खी सूरा तिच्या नावावर आहे. ती नवऱ्याशिवाय, एकटी, खजुराच्या झाडाखाली बाळंत होते, लोकांची बोलणी खाते आणि तरी ताठ राहते. ही मरियम पोटुशी कुमारिकेला घराबाहेर काढणाऱ्या मोहल्ल्यापर्यंत का पोचत नाही? ख्रिस्ती घरात तरी कुठे पोचते? बाईला दाबणारी गोष्ट सरहद्द ओलांडते, सोडवणारी नाक्यावरच अडते.

आपल्या चळवळीलाही मला बोल लावायचा आहे. आपण म्हणालो, पोथ्या बाजूला ठेवा, कायद्याचं बोला. म्हणून पोथ्या त्यांच्याच हातात राहिल्या. याच पुणे जिल्ह्यात, केडगावला, पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल त्यांनी एकटीनं उतरवलं. 1922 साली त्या गेल्या, 1924 साली ते छापून आलं, आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातही मुक्ती सदनातल्या बायांचेच होते. रमाबाईंचा धर्म आपला असो-नसो, पोथी स्वतः उघडायची ही हिंमत आपली का नाही?

आणि जे हिंदू बंधू मुसलमान बाईच्या दुःखानं एकाएकी व्याकूळ होतात, त्यांना एवढंच विचारायचं की 1988 साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली ती कोणासाठी? ख्रिस्ती बाईला 1869 च्या कायद्यानं घटस्फोटासाठी नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, सोबत क्रूरता किंवा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार एवढा एकच मुद्दा पुरे होता. हे 2001 पर्यंत चाललं. ज्यू बाईला नवऱ्यानं धर्माचं सोडपत्र दिलं नाही तर ती अडकलेलीच. हिब्रूत तिला साखळलेली अशा अर्थाचाच शब्द आहे. मराठीत आपण टाकलेली म्हणतो. शब्द वेगळे, बाई तीच.

पोटगीचं जुनं कलम 125, आता 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 144, हे कुठल्याही धर्माच्या बायकोला लागू आहे. तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही ते लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात पुन्हा सांगितलं. आमची मैत्रीण तर अजून लग्नाची बायको आहे.

तिनं शिबिरातून परतल्यावर चौथ्या दिवशी अर्ज केला. पहिल्या तारखेला नवरा आला नाही. दुसऱ्या तारखेला आम्ही सहाजणी गेलो, त्यांत भीमाशंकरची म्हातारीही होती. एस.टी.चं भाडं तिनं स्वतःचं दिलं आणि कोर्टाच्या पायरीवर बसून जो तो वकील दिसेल त्याला विचारत होती, "त्यो आला का?"