दावीदाने ओतून दिलेले पाणी



गेल्या रविवारी मिस्सानंतर दृढीकरणाच्या वर्गात आम्ही दावीद राजाची एक छोटी गोष्ट सांगत होतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात ती आहे. बेथलेहेम हे दावीदाचे गाव, पण तेव्हा ते पलिष्ट्यांच्या ताब्यात होते. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी कोणी पाजेल का, असे तो सहज बोलून गेला. त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणीतून वाट काढत गेले आणि पाणी घेऊन आले. दावीदाने ते ओठाला लावले नाही. ज्या पाण्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला, ते त्याला त्यांच्या रक्तासारखे वाटले. त्याने ते परमेश्वरासमोर ओतून दिले.

एका मुलीने विचारले, "सर, पण मग ते पाणी वायाच गेले ना?"

आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. टेबलावर आमचा मोबाइल पडला होता. आम्ही म्हटले, "बाळ, दावीदाला निदान ते पाणी कोणी, कुठून आणले हे ठाऊक होते. या मोबाइलच्या बॅटरीतला कोबाल्ट कोणी काढला, हे आपल्याला ठाऊक आहे का?"

सगळ्याच बॅटऱ्यांत कोबाल्ट नसतो. पण मोबाइलच्या बहुतेक बॅटऱ्यांत असतो, आणि अनेक विजेवरच्या मोटारींतही. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. तिथल्या कोल्वेझी शहराच्या परिसरात मोठ्या कंपन्यांच्या खाणी आहेत, आणि त्यांच्या आसपास हाताने खणणारे हजारो गरीब लोकही आहेत. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली तिथला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात दगड वेचणारी, धुणारी, पोती वाहणारी मुले होती. काही अवघ्या सात वर्षांची. दिवसभराच्या कष्टाचे त्यांना एक-दोन डॉलर मिळत. ही पोती व्यापारी विकत घेतात, अनेक खड्ड्यांतला माल एकत्र होतो, आणि पुढे बहुतेक शुद्धीकरण चीनमध्ये होते. तिथून निघालेल्या धातूवर त्या मुलांचा मागमूस राहत नाही.

हा मागमूस राहावा म्हणून आता ब्लॉकचेनचा उपाय पुढे आला आहे. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे आपल्या धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीवरून समजेल. समजा, या वहीची हुबेहूब प्रत शेकडो ठिकाणी ठेवली आहे आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीला जोडलेली आहे. मग कोणी एकाने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर बाकीच्या प्रती त्याला लगेच खोटे ठरवतील. २०१९ साली फोर्ड, आयबीएम आणि इतर काही कंपन्यांनी काँगोतील कोबाल्टचा असा माग ठेवण्याचा प्रयोग जाहीर केला. त्याच वर्षी व्होल्वोनेही तसे ठरवले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या कायद्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीला स्वतःचा डिजिटल पासपोर्ट लागणार आहे.

हे चांगलेच आहे. खोटा तराजू परमेश्वराला आवडत नाही, हे नीतिसूत्रे पुन्हा पुन्हा सांगतात. पण नोंदवह्या सांभाळता सांभाळता आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एका बाळाची जन्मतारीख चुकीची लिहिली गेली. पान कोणी फाडले नाही, अक्षर कोणी बदलले नाही. तीच चुकीची तारीख इमानेइतबारे पुढच्या प्रत्येक दाखल्यावर उतरत गेली, आणि ती दुरुस्त करण्यासाठी त्या आईला कितीतरी हेलपाटे पडले. वही खरे सांगत नाही. वहीत जे लिहिले तेच ती जपते. कोबाल्टच्या पोत्यावर पहिली नोंद करणाऱ्याने मुलाने वेचलेला दगड मोठ्या माणसाच्या नावावर लिहिला, तर ब्लॉकचेन ते खोटे कायमचे जपून ठेवील.

याहून मोठी काळजी आम्हाला दुसरीच वाटते. फोर्ड-आयबीएमच्या त्या प्रयोगात माल घेतला होता तो यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या खाणीतला. तिथे नोंद ठेवणे सोपे. हाताने खणणारे मात्र त्या साखळीबाहेर राहिले. कंपनीला स्वच्छतेचा दाखला मिळतो, आपल्यालाही समाधान मिळते, आणि खड्ड्यातला बाप आपला माल आणखी कमी भावात दुसऱ्या व्यापाऱ्याला विकतो. मग त्याचे मूल शाळेत कसे जाणार? आपले हात धुतले गेले म्हणजे त्याचे दुःख संपले असे नाही. हात धुणारा पिलातही आपल्याला आठवतो.

कोल्वेझीजवळ मुतोशी इथे २०१८ साली वेगळा प्रयत्न झाला. हाताने खणणाऱ्यांना हाकलण्याऐवजी त्यांच्यासाठी जागेला कुंपण घातले, आत कोण जाते यावर लक्ष ठेवले, मुलांना बंदी केली, आणि खोल बोगदे खणावे लागू नयेत म्हणून वरची माती यंत्रांनी काढून दिली. २०२० साली कोविडच्या काळात ते काम थांबले. आमच्या मते ब्लॉकचेनची पहिली नोंद अशा जागी व्हायला हवी, जिथे त्या मजुराला ओळखणारा माणूस खड्ड्याच्या काठावर उभा आहे. असा माणूस नेमायला पैसे लागतात, आणि ते वस्तूच्या किमतीतूनच यायला हवेत. ती थोडी वाढीव किंमत आपण ख्रिस्ती लोकांनी कुरकुर न करता द्यावी.

तोवर आपण काय करू शकतो? चालता मोबाइल केवळ हौसेखातर बदलू नये. घेताना कंपनीला दोन ओळी लिहून विचारावे की तुमचा कोबाल्ट कुठला, आणि हाताने खणणाऱ्यांसाठी तुम्ही काय करता. जुने मोबाइल कपाटात न ठेवता पुनर्वापरासाठी द्यावेत, त्यातला धातू पुन्हा वापरता येतो. आणि रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत काँगोचे नाव घ्यावे. २०२३ साली पोप फ्रान्सिस किन्शासाला गेले, तेव्हा मिस्साला दहा लाखांच्या आसपास लोक जमले होते. ते आपलेच बंधुभगिनी आहेत.

त्या मुलीला येत्या रविवारी आम्ही उत्तर देणार आहोत. पाणी वाया गेले नाही, बाळ. त्या दिवशी तीन माणसांना कळले की त्यांच्या राजाला आपल्या तहानेपेक्षा त्यांचा जीव मोलाचा वाटतो.

प्रभू आपल्यालाही तसे हृदय देवो. आमेन.