परतीची वाट आणि पावसाचा आकडा

अवकाशात झेप घेण्यास धाडस लागते. सुखरूप उतरण्यास त्याहून अधिक संयम लागतो. १५ जुलै २०२५ रोजी शुभांशू शुक्ला व त्यांचे तीन सहकारी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. अशा ड्रॅगन यानाच्या परतीसाठी नासाने वाऱ्याची मर्यादा ठरविली आहे ती सेकंदाला १५ फूट, म्हणजे ताशी अवघे १६ किलोमीटर. छत्रीच्या आधाराने उतरणारे यान वाऱ्याबरोबर वाहवत जाते आणि उसळत्या लाटांत अंतराळवीरांना बाहेर काढणे जोखमीचे ठरते. म्हणून लाटा, पाऊस व विजा यांचेही निकष आधीच लिहून ठेवलेले असतात. एप्रिल २०२२ मध्ये अॅक्सिऑम-१ मोहिमेतील चौघांना हवामान निवळेपर्यंत कित्येक दिवस अवकाश स्थानकावरच थांबावे लागले. तो भित्रेपणा खचितच नव्हता.

हा विषय भोर-वेल्ह्याला परका नाही. राजगड-तोरण्यावर धुके उतरले की चार पावलांवरची वाट दिसेनाशी होते. वरंधा घाटात दरड आली की भोर-महाड वाहतूक खुंटते. पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. काम पुरते झाले नसताना ऐन पावसाळ्यात पाणी साठू दिल्याची ती किंमत होती.

घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात, हे योग्यच. परंतु ओढ्यापलीकडील वाडीची मुले केव्हा घरी सोडावीत, हे शिक्षकाने आभाळाकडे पाहून एकट्याने ठरवावे आणि विपरीत घडल्यास जाबही त्यानेच द्यावा, हे न्याय्य नव्हे. किती मिलिमीटर पाऊस झाला की शाळा सोडावी, एस.टी. थांबवावी, गडाची वाट बंद करावी, याचे आकडे पावसाळ्यापूर्वीच ठरून शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

अशाने अधूनमधून शाळा बुडेल, कचेरीत खाडे पडतील. एखादे वेळी आभाळ भरून येऊनही पाऊस हुलकावणी देईल आणि थांबणे व्यर्थ वाटेल. तरीही मर्यादा पाळून घरी राहिलेल्या कारकुनाची रजा कापू नये आणि शाळा लवकर सोडणाऱ्या शिक्षकाला दोष देऊ नये. नियमाला असे पाठबळ मिळाले, तरच तो ऐन पावसात पाळला जाईल. येत्या पावसाळ्यापूर्वी तालुका प्रशासनाने एवढे अवश्य करावे.