अडचण शरीराची नाही, निकषाची

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले, तेव्हा देशाला सार्थ अभिमान वाटला. त्या अ‍ॅक्सिऑम-४ मोहिमेचे नेतृत्व एका महिलेकडे होते, याची चर्चा मात्र कमी झाली. पेगी व्हिटसन या आयोवातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ. अंतराळात त्यांनी एकूण ६९५ दिवस काढले आहेत आणि हा अमेरिकी अंतराळवीरांमधील विक्रम आहे. चाचणी वैमानिक मात्र त्या कधीच नव्हत्या.

आपल्या गगनयान मोहिमेसाठी २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जी चार नावे जाहीर झाली, ती सगळी पुरुषांची. निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांमधूनच झाली होती. भारतात महिलांना लढाऊ विमानाचे दार उघडले ते २०१६ मध्ये. चाचणी वैमानिक होण्याआधी उड्डाणाचा काही वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नियमात कुठेही ‘महिला नकोत’ असे लिहिलेले नसले, तरी निकाल आधीच ठरलेला होता.

अमेरिकेनेही १९५९ मध्ये हेच केले. लष्करी जेट विमानांचे चाचणी वैमानिकच हवेत, अशी अट होती आणि त्या कामावर महिलांना घेतच नसत. सोव्हिएत रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हा १९६३ मध्येच अंतराळात जाऊन आली. अमेरिकेला त्यासाठी आणखी २० वर्षे लागली. स्पेस शटलसाठी शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि अभियंत्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा १९७८ च्या ३५ जणांच्या तुकडीत सहा महिला आल्या. भौतिकशास्त्रज्ञ सॅली राइड त्यांपैकीच एक. पुढे कर्नालची कल्पना चावला अभियंता म्हणून याच वाटेने १९९७ मध्ये अंतराळात पोहोचली.

‘बाईच्या शरीराला हे झेपेल का’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. हा त्रास स्त्री-पुरुष दोघांनाही होतो आणि त्यावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. आठ-दहा दिवसांसाठी गेलेल्या सुनीता विल्यम्स २८६ दिवस राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या, तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. किरणोत्साराचा धोका खरा आहे. नासा पूर्वी महिलांसाठी मर्यादा कमी ठेवत असे. २०२२ मध्ये मात्र सर्वांसाठी संपूर्ण कारकिर्दीची ६०० मिलिसीव्हर्ट ही एकच मर्यादा ठरली. मार्च २०१९ मध्ये दोन महिलांचा एकत्र स्पेसवॉक रद्द झाला, तो योग्य मापाचा पोशाख तयार नव्हता म्हणून. ऑक्टोबरमध्ये पोशाख मिळाला आणि काम झाले.

हा किरणोत्सार ज्या सौर वादळांमुळे वाढतो, त्यांचा अभ्यास पनवेलमध्येच चालतो. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची परंपरा कुलाबा वेधशाळेपर्यंत जाते. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद त्या वेधशाळेत झाली होती. अलिबागची वेधशाळाही याच संस्थेची. अर्चना भट्टाचार्य यांनी या संस्थेचे संचालकपद सांभाळले आहे. पनवेल-उरणच्या शाळांमधील मुलींना अंतराळवीर म्हटले की लढाऊ विमानच दिसते. विज्ञानाची ही वाट त्यांच्या गावातूनच जाते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

पण ती वाट यानापर्यंत पोहोचायला हवी. महिला वैमानिकांना किंवा शास्त्रज्ञांना पुढे संधी देण्याची इच्छा इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये व्यक्त केली होती. आता ती इच्छा निवडीच्या नियमांत उतरली पाहिजे. पुढच्या तुकडीत डॉक्टर, अभियंते आणि शास्त्रज्ञांसाठी जागा ठेवाव्यात आणि त्याची जाहिरात उघडपणे द्यावी. पोशाख आणि आसनेही आतापासूनच वेगवेगळ्या मापांची बनवावीत. मानवरहित उड्डाणासाठी इस्रोने तयार केलेल्या ‘व्योममित्र’ या यंत्रमानवाला स्त्रीचे रूप दिले आहे. यंत्राला मिळालेली ही संधी हाडामांसाच्या बाईलाही लवकर मिळावी.