खासदाराला बंगला कमी द्या, टेबल जास्त द्या

बऱ्याच दिवसांनी खरडतोय. निमित्त काकांचं. परवा फोनवर ते म्हणाले, "या खासदारांना आणखी खोल्या कशाला रे बांधून द्यायच्या? झोपायला?" तेव्हा हसलो, पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. तर काका, हे खास तुमच्यासाठी.

वॉशिंग्टनला एकदा लाँगवर्थ इमारतीत गेलो होतो. तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या ४३५ सदस्यांची कार्यालयं मुख्यतः तीन इमारतींत आहेत: कॅनन (१९०८), लाँगवर्थ (१९३३) आणि रेबर्न (१९६५). दारात पिशवी तपासली, संपलं. ओळख नाही, चिठ्ठी नाही. लांबच लांब कॉरिडॉर, दारांवर नावाच्या पाट्या, आत टेबलामागे एक पोरगेलासा मुलगा. "काय काम आहे?" त्यानं विचारलं. काम काहीच नव्हतं, म्हणून मीच ओशाळलो!

आता आपल्याकडचं. बाबा आणि त्यांचे दोन सहकारी पेन्शनचा अर्ज घेऊन दिल्लीला गेले होते. खासदारसाहेबांच्या बंगल्यावर हिरवळीत दोन तास बसले. चहा मिळाला. अर्ज साहेबांच्या भाच्यानं घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे त्याचं काय झालं हे कुणालाच सांगता आलं नाही, कारण नोंदच कुठे नव्हती. बाबा मात्र "चहा चांगला होता" एवढंच सांगत राहिले.

माझं भांडण इथे आहे. घरी गेलेला माणूस याचक असतो, ऑफिसात गेलेला नागरिक. आपण खासदाराला बंगला देतो, हिरवळ देतो, पण संसदेच्या आवारात दालनं मंत्र्यांना आणि पक्षांना. साध्या खासदारानं बसायचं कुठे? २०२० च्या सुमारास श्रमशक्ती भवनाच्या जागी प्रत्येक खासदाराला ४० चौरस मीटरचं कार्यालय देण्याचं जाहीर झालं. मे २०२३ मध्ये नव्या संसदेचं उद्घाटन झालं, लोकसभेत ८८८ आसनं आली. खोल्या मात्र तिच्याबरोबर आल्या नाहीत. आधी आसन, मग टेबल. आपला क्रम हाच!

आणि नुसती खोली नव्हे, माणसंही. अमेरिकन प्रतिनिधीला १८ कायम कर्मचारी ठेवता येतात. आपल्या खासदाराला २०२५ च्या वाढीनंतर सहायकासाठी महिना ५०,००० रुपये मिळतात. त्यात टपाल सांभाळणारा मिळेल, पण दोनशे पानांचं विधेयक रात्रीत वाचून चुका दाखवणारा कुठून आणणार?

काका म्हणतील, वाचून करणार काय, व्हिप निघाला की हात वर. खरं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं सभागृहातले हात बांधले. पण १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या आहेत, आणि तिथे व्हिप चालत नाही. मंत्रालयांच्या मागण्या तिथे तपासल्या जातात. जिथे डोकं चालवायची मुभा आहे, तिथेच आपण त्याला रिकाम्या हातानं पाठवतो.

उधळपट्टी होईल? होऊ शकते. वॉशिंग्टनच्या हार्ट इमारतीवर १३ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. १९८१ मध्ये बांधकामावरचं प्लास्टिक काढल्यावर सिनेटर मॉयनिहन यांनी ते परत घालावं असा ठरावच मांडला! म्हणून संगमरवर नकोच. एक साधी खोली, चार खुर्च्या, दोन शिकलेली माणसं आणि एक आवक-जावक रजिस्टर. दार मात्र सगळ्यांना उघडं. हे नसेल तर मीही काकांच्या बाजूनं.

असो. बाबांच्या अर्जाला जावक क्रमांक मिळाला असता, तर निदान कुणाला जाब विचारायचा हे तरी कळलं असतं. काका, आता बोला. फोन करा, पण रविवारी, निवांत.