जुन्या गाडीची बीजप्रक्रिया



गेल्या डिसेंबरात माढा तालुक्यात हरभऱ्याची पाहणी करावयास गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला आणि घरच्या वहिनींनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "साहेब, पिकाचं सांगितलंत, आता एवढं सांगून जा." कागद खताच्या हिशेबाचा नव्हता. गॅरेजच्या मिस्त्रीने लिहून दिलेली यादी होती. दिवाळीत त्यांनी जुनी डिझेल इंडिका घेतली होती. यादीत टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, होज पाइप, क्लच प्लेट, फिल्टर आणि शेवटी 'इंजिन काम, रिंगा' असे सोळा-सतरा नग. बेरीज गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त.

मालकांचे म्हणणे, चालते आहे तोवर कशालाच हात लावायचा नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला कशाला? वहिनींची काळजी वेगळी. थोरली सून सहा महिन्यांची गरोदर, दवाखाना सोलापुरात. रात्री-अपरात्री गाडी वाटेत बसली तर? आणि हातात पैसे होते ते डाळिंबाच्या आंबे बहारासाठी ठेवलेले.

मी काही मोटार मेकॅनिक नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच रानात होते. मी विचारले, "दादा, घाटेअळी दिसली की लगेच फवारता का?" ते म्हणाले, "नाही, एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तर." बरोबर आहे. अळी डोळ्यांना दिसते, मोजता येते, म्हणून आपण नुकसानीच्या पातळीपर्यंत थांबतो. "आणि ज्वारीच्या काणीचं काय करता?" तर पेरणीआधीच किलोला चार ग्रॅम गंधक चोळून बीजप्रक्रिया. काणी कणसात दिसते तेव्हा उपायाची वेळ निघून गेलेली असते, म्हणून तिची वाट पाहायची नाही.

जुन्या गाडीचा हिशेबही असाच करावा. प्रत्येक भागाबद्दल दोनच प्रश्न विचारावेत. हा भाग जाण्यापूर्वी सूचना देतो काय? आणि गेला तर एकटा जातो की आपल्याबरोबर इंजिनही नेतो? सूचना देणारा व एकटा जाणारा भाग म्हणजे घाटेअळी. तो लक्षण पाहून बदलावा. न सांगता जाणारा व इंजिन नेणारा भाग म्हणजे काणी. तो तारीख पाहून, चालू असतानाच बदलावा.

काणीच्या जातीचा पहिला भाग म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनात खाली क्रँक फिरतो व पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट नावाचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरून व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. (हे दांडे आपल्या सोलापुरातही तयार होतात. १९९२ साली येथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी-परदेशी मोटार कंपन्यांना ते पुरवते.) या दोघांचा मेळ राखणारा पट्टा दातेरी रबराचा असतो. तो तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, पण पिस्टन वेगात वर येतच राहतो. पुष्कळ इंजिनांत, विशेषतः डिझेलच्या, तो उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो व व्हॉल्व्ह वाकतात. झाकण काढून पाहिले तर पट्टा चांगला दिसतो आणि पुढच्या आठवड्यात तुटतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये.

हे मी अनुभवाचे सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. पट्टा बदलावयास साडेचार हजार लागतील असे मिस्त्रीने सांगितले होते. मी ते काम पुढे ढकलले आणि नवी सीट कव्हरे व टेप बसवून घेतला. चार महिन्यांनी मोहोळच्या अलीकडे चढावर खट्ट आवाज होऊन गाडी बंद पडली. मागे म्हातारी आई बसली होती, वर वैशाखाचे ऊन. दोन तास आम्ही लिंबाच्या सावलीत बसून काढले. हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलण्यास बावीस हजार गेले. मिस्त्रीचा दोष नव्हता, गाडीचाही नव्हता.

पट्टा किती किलोमीटरला बदलावा हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. साधारणपणे ते साठ हजार ते एक लाखाच्या दरम्यान असते आणि वर्षांचीही मर्यादा असते. वर्षे विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. जुनी गाडी म्हणजे झाकली मूठ. पट्टा बदलल्याची पावती हातात नसेल, तर तो बदललेलाच नाही असे समजावे. बदलताना ताण देणारी पुलीही नवी घालावी. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही त्याच वेळी करावा, कारण खोलण्याची मजुरी एकदाच पडते. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते. तिला ठरावीक मुदत नसते, पण सकाळी सुरू करताना ती खळखळू लागली तर लगेच दाखवावी. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे आधी विचारून घ्या.

काणीचा दुसरा भाग म्हणजे पाण्याचे रबरी होज. गार इंजिनावर ते दाबून पाहावेत. काठीसारखे कडक, फुगलेले किंवा क्लिपेजवळ चिरलेले होज काढून टाकावेत. एक फुटला की पाणी जाते, इंजिन तापते, हेड गॅस्केट जळते. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी मुळीच घालू नये. ठिबकच्या नळीत क्षार साचतात तसे ते इंजिनातही साचतात. डिस्टिल्ड पाणी व कूलंटच वापरावे, आणि तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपल्या उसापासूनही होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असते. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ साली सांगितले आहे. पेट्रोलची नळी ओलसर दिसली किंवा वास आला तर त्याच दिवशी बदला. तेथे आगीचा धोका आहे.

आता घाटेअळीच्या जातीचे भाग. क्लच प्लेट झिजली की चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही. ही सूचना मिळेपर्यंत थांबण्यास हरकत नाही. मिळाल्यावर मात्र लांबचा प्रवास करू नये. पेट्रोल गाडीचा प्लग काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी किंवा तेलकटपणा असेल तर मिस्त्रीला दाखवावा. डायनामोचा पट्टा किंचाळून सांगतो.

राहिले सर्वांत महागडे काम, रिंगांचे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. फक्त सकाळी सुरू करताना एक लोट येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. सतत येत असेल तर रिंगांचा संशय घ्यावा. तरीही घाई नको. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर तेल घालून गाडी नीट ओढत असेल, तर तेल घालावे आणि चालवावी. जुन्या गाडीचे अख्खे इंजिन उघडण्याचा खर्च क्वचितच वसूल होतो. मात्र तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. गाडी तेथेच थांबवावी.

आणि एअर फिल्टरला स्वस्त म्हणून हिणवू नका. आपल्या कच्च्या रस्त्यांची धूळ आत गेली की रिंगा झिजतात. पुस्तकात लिहिले असेल त्याच्या निम्म्या अंतरालाच तो तपासावा.

वहिनींच्या कागदावर मी पेन्सिलीने खुणा केल्या. पट्टा, पुली, पाण्याचा पंप, होज, तेल, फिल्टर व कूलंट आत्ता; क्लच लक्षण दिसल्यावर; रिंगा नाहीत. रक्कम तिसऱ्या हिश्श्यावर आली, बहाराचे पैसे शाबूत राहिले. दादा थोडे कुरकुरले, पण फवारणीच्या वहीत मागच्या पानावर त्यांनीच तारीख व किलोमीटर लिहून घेतले. तुम्हीही लिहा. पुढच्या वेळी आठवण नव्हे, वही बोलली पाहिजे.

निघताना मी सूनबाईंना एवढेच सांगितले, की गाडी कितीही चांगली केली तरी १०८ चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे गाडीला लागू आहे तसेच माणसांनाही.