आकडा विचारा, पण तपासण्यांसह

२०२० मध्ये रोज संध्याकाळी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे कोरोना रुग्णांचे आकडे मोबाईलवर यायचे आणि कुठलं शहर पुढे, यावर चर्चा रंगायची. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला आधी प्रश्न पडायचा, तपासण्या किती झाल्या? तपासण्या घटल्या की रुग्णही घटलेले दिसतात. शिवाय २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख, बदलापूरची पावणेदोन लाख. मग नुसत्या आकड्यांची तुलना कशी करणार?

१५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली, ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. मी घरी बसून काम करत होतो. आमच्या इमारतीतल्या नर्सताई रोज मुंबईला जायच्या. त्या पॉझिटिव्ह आल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. मीही त्यातलाच. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, त्यांच्या दाराशी डबा ठेवून आलो.

पालिकेकडे तपासण्यांचा हिशेब मागू या. पण आजारी शेजाऱ्याला आकडा समजू नका.